केसपेपरावर नसलेले प्रश्न

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपराच्या खिडकीवर विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात: नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर, काय होतंय. वॉर्डात आल्यावर सिस्टर त्यात भर घालतात. आधीचा काही आजार, कसली ॲलर्जी, शेवटचं कधी खाल्लं, सोबत कोण आहे. पेशंट घरी कोणती भाषा बोलतो, आपल्याला काय झालंय असं त्याला स्वतःला वाटतं, त्याचे उपास कोणते, आजाराचं नाव सासरी कळलेलं चालेल का, चार दिवस इथे पडून राहिला तर घरची चूल कशी पेटेल, यातलं काहीच कागदावर नसतं. नर्सिंगच्या अभ्यासात सांस्कृतिक सक्षमता या नावाखाली जे शिकवतात ते या न विचारलेल्या प्रश्नांचं काम आहे. ते राहून गेलं की एकाच आजाराचा एक पेशंट बरा होऊन घरी जातो आणि दुसरा पुन्हा पुन्हा येत राहतो. आरोग्यातली विषमता बरीचशी अशी वॉर्डाच्या आत तयार होते. सगळीच नाही; बाहेर तयार होणारीही पुढे येईल.

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात हे प्रश्न टाळून चालत नाही, कारण इथे कोण येईल याचा नेम नसतो. २०११च्या जनगणनेत अविभाजित ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाख वस्तीचा, देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला तरी सरमिसळ कमी झाली नाही. खाडीकाठचे आगरी आणि कोळी, फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेले उल्हासनगरचे सिंधी, १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबई सोडून मुंब्र्यात आलेली मुसलमान कुटुंबं, भिवंडीच्या यंत्रमागांवरचे उत्तरेकडचे कामगार, डोंबिवलीतले कोकणी, गुजराती, दाक्षिणात्य, आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचे कातकरी, ठाकूर, वारली. परवडणारे खाजगी नर्सिंग होममध्ये जातात. बाकीचे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं सिव्हिल, उल्हासनगरचं मध्यवर्ती, कल्याणचं रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचं शास्त्रीनगर अशा मोजक्या ठिकाणी एकमेकांशेजारच्या खाटांवर येऊन पडतात.

या विषयाला शास्त्राचं रूप दिलं ते मॅडेलिन लायनिंगर या अमेरिकन नर्सने. १९५०च्या दशकात सिनसिनाटीत मनाने आजारी मुलांची शुश्रूषा करताना त्यांच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या घरांतून आलेली मुलं एकाच प्रकारच्या काळजीला सारखी साथ देत नाहीत. मग त्या मानववंशशास्त्र शिकल्या, न्यू गिनीतल्या गडसप लोकांमध्ये जाऊन राहिल्या आणि परत येऊन त्यांनी नर्सिंगची एक नवी शाखाच उभी केली. पुढे त्या शाखेचं पाठ्यपुस्तकी रूप मात्र काहीसं विचित्र झालं. अमक्या समाजाचे लोक हे खात नाहीत, तमक्यांच्या बायका पुरुष डॉक्टरला तपासू देत नाहीत, अशा याद्या पाठ करून परीक्षा दिल्या जाऊ लागल्या.

त्याला उत्तर न्यूझीलंडमधून आलं. इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सने विचारलं, की नर्सला माझ्या समाजाची यादी पाठ आहे म्हणून मी तिच्या हातात सुरक्षित कशी? सुरक्षित वाटलं की नाही हे पेशंटने सांगायचं, नर्सने नाही. १९९२ साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हा विचार शिक्षणात आणला. रॅम्सडेन यांचा रोख नर्सवरच होता: आधी स्वतःची जात, वर्ग, धर्म, सवयी तपासा, मग पेशंटच्या. आपल्याकडे ही बाजू शिकवली जात नाही असं माझं मत आहे. आपल्या वॉर्डात एक वाक्य सहज कानावर पडतं, ‘त्यांच्यात असंच असतं.’ ते बोलणाऱ्याला आपण समजून घेतल्यासारखं वाटतं आणि चौकशी तिथेच थांबते.

वॉर्डात पहिली अडचण भाषेची येते. केरळहून आलेली सिस्टर आणि दिव्याची आगरी आजी, विदर्भातली सिस्टर आणि भोजपुरी बोलणारा मागवाला. दोघांमध्ये हिंदीचा एक तुटका पूल असतो; ‘दर्द कहाँ है’ इथपर्यंत तो पुरतो. जीव घाबरा होतोय, अंगावरून पांढरं जातंय, पोटात कालवतंय असली तक्रार त्यावरून पलीकडे पोचत नाही. ‘घाबरा’ ऐकून कागदावर मनाची भीती लिहिली गेली, तर हृदयविकार किंवा उतरलेली शुगर पाहायची राहून जाऊ शकते.

मग दुभाषा म्हणून नातेवाईक उभा राहतो. सोपं वाटतं, पण आईला पाळीबद्दल विचारायचं तर मुलगा मध्ये नको. सुनेला नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारायचं तर सासू नको. दहा वर्षांच्या मुलीने बापाच्या गाठीचा रिपोर्ट आईला समजावून सांगायचा, हेही नको. आपल्या रुग्णालयांत खरे दुभाषे वॉर्डातल्या मावशी आणि मामाच असतात. त्यांना हे काम कुणी दिलेलं नसतं, त्याचे पैसे मिळत नाहीत आणि ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं हेही त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. कोणत्या पाळीत कुणाला कोणती भाषा येते याचा एक कागद सिस्टरच्या टेबलामागे लावायला खर्च काहीच नाही. त्याच मावशी-मामांना थोडं शिक्षण आणि त्याचा मोबदला दिला, तर वेगळा दुभाषा शोधत बसावं लागणार नाही.

समजलं का, असं विचारलं की पेशंट ‘हो’ म्हणतो. सिस्टरपुढे ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं आणि मागे रांग असते. त्यावर जुना उपाय असा, की पेशंटकडूनच वदवून घ्यायचं: ‘घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं की ही गोळी कशी घ्यायची, तर काय सांगाल?’ सांगताना चूक निघाली तर ती समजावण्याची धरायची, ऐकणाऱ्याची नाही.

याच्या जोडीला अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली सुचवलेले काही प्रश्न आहेत. तुम्हाला काय झालंय असं वाटतं? ते आत्ताच का सुरू झालं असेल? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? आत्तापर्यंत काय काय करून पाहिलं? शेवटचा प्रश्न फार कामाचा. ताप चार दिवस अंगावर काढलेल्या माणसाने दरम्यान झाडपाल्याचा काढा घेतलेला असतो, नाक्यावरच्या डॉक्टरकडून सुई मारून घेतलेली असते, भगताकडे जाऊन आलेला असतो. रागावल्यावर तो यातलं काहीच सांगत नाही आणि मग सुईतून काय गेलं हेही कळत नाही.

तपासणीतही एक विषमता लपलेली असते आणि ती कुणाच्या मनात नसून उपकरणात किंवा पुस्तकात असते. ओठ निळसर होणं, अंगावर लाल चट्टा उठणं, कातडी पिवळी पडणं ही लक्षणं पुस्तकांत गोऱ्या कातडीवर दाखवलेली असतात. उन्हातान्हात राबलेल्या सावळ्या अंगावर ती तशी दिसत नाहीत. म्हणून पापणीची आतली बाजू, जीभ, हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि नखं पाहायची. बेडसोर सुरू होताना सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का ते बघायचं.

सप्टेंबर २०२०मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि घरोघर बोटाला ऑक्सिमीटर लागू लागले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८च्या खाली असल्याचं प्रमाण अमेरिकेतल्या गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के निघालं. बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर हे यंत्र चालतं आणि कातडीतलं रंगद्रव्य त्यात ढवळाढवळ करतं. आकडे तिकडचे असले तरी धडा इथेही लागू आहे. आकडा ९४ आणि पेशंट धापा टाकतोय, तर धापेवर विश्वास ठेवायचा.

बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करत असेल तर सोबत स्त्री असणं हा रुग्णहक्कांच्या सनदेतलाच भाग आहे. महाराष्ट्रात २०२१च्या सुधारित नियमांनी नर्सिंग होमना ही सनद भिंतीवर लावायला सांगितलं. भिंतीवर ती असते. बुरख्यातली बाई असो की डोक्यावरचा पदर न सोडणारी, दोन खाटांच्या मध्ये पडदा असला आणि एका वेळी लागेल तेवढाच भाग उघडला, तर निम्मा विरोध उरतच नाही. पडदे फाटलेले असतील तर तो प्रश्न संस्कृतीचा नाही, खरेदी विभागाचा आहे.

आता उपास, कारण इथे चुका सर्वांत जास्त होतात. मुंब्र्याच्या मधुमेही पेशंटला रमजानच्या तोंडावर ‘रोजे धरू नका’ एवढंच सांगून पाठवलं जातं. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांवर मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली, तेव्हा टाइप २च्या ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे धरलेले आढळले. म्हणजे मनाई केली तरी माणसं रोजे धरतातच, फक्त सांगत नाहीत. त्यामुळे काम रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू व्हायला हवं. कुणाला अजिबात झेपणार नाही ते ठरवायचं. ज्यांना झेपेल त्यांचे डोस डॉक्टरांकडून सहरी आणि इफ्तारनुसार बसवून घ्यायचे. बोटाला टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. हे एकदा स्पष्ट सांगितलं तर माणूस दुपारी शुगर तपासतो. शुगर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे आकडे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे. आजाऱ्याला धर्मात सूट आहे हे सिस्टरने सांगण्यापेक्षा वस्तीतल्या मौलानांनी सांगितलेलं जास्त ऐकलं जातं.

हेच डोंबिवलीत नवरात्रात होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, खजूर आणि वर मधुमेहाच्या त्याच गोळ्या. सकाळी काही न खाता घेतलेली गोळी शुगर पाडते आणि दुपारची खिचडी ती चढवते. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार धरले तर वर्षभर हे चालू असतं. या पेशंटला उपासाबद्दल आधी कुणी विचारत नाही, कारण सिस्टरचाही त्या दिवशी उपास असतो. रोजा दिसतो, एकादशी दिसत नाही. रॅम्सडेन म्हणत होत्या ते हेच. जैन पेशंट सूर्यास्तानंतर काही घेत नसेल तर रात्री नऊची गोळी संध्याकाळी आणता येते का, हे डॉक्टरांना विचारावं लागतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जनावराच्या जिलेटिनचं असतं आणि रक्त गोठू न देणारं हेपारिन डुकराच्या आतड्यातून काढतात. विचारणाऱ्याला खरं सांगायचं आणि पर्याय असेल तर डॉक्टरांपुढे ठेवायचा.

ऑपरेशनआधी मंगळसूत्र, जोडवी, तावीज, करदोटा काढायला सांगतात, त्यामागे कारण आहे. विजेच्या कॉटरीने भाजू शकतं, बोट सुजलं तर अंगठी रुतते. कारण सांगितलं की बहुतेक जण स्वतःहून काढतात. न सांगता कात्री आणली की भांडण होतं. मंगळसूत्र काढल्यावर ते नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात सगळ्यांदेखत द्यावं, आणि कापडी तावीज जखमेपासून लांब असेल तर चिकटपट्टीखाली राहू द्यायला सर्जनची हरकत आहे का ते विचारून घ्यावं.

बाळंतपणाच्या वॉर्डात लायनिंगर यांची एक मांडणी फार उपयोगी पडते. त्या म्हणत, की पेशंटच्या रिवाजांपुढे नर्सला तीन वाटा असतात. चांगलं ते टिकवायचं, अडचणीचं ते वाटाघाटीने वळवायचं, घातक ते बदलायला मदत करायची. तिन्हीची उदाहरणं एकाच खाटेवर सापडतात. कानाला फडकं, पोटपट्टा, तांदळाची पेज, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, सव्वा महिना विश्रांती: यात बोलण्यासारखं काही नाही, उलट बाईला विश्रांती मिळवून देणारा हा एकच रिवाज. तो मोडू नये. शेक-शेगडी दुसऱ्या वाटेची. ऊब हवी हे बरोबर, पण बंद खोलीतला कोळशाचा धूर बाळाला आणि आईला घातक. म्हणून ऊब गोधडीने, गरम पाण्याच्या पिशवीने द्यायची, आणि सिझेरियनच्या टाक्यांना शेक नाही. तिसऱ्या वाटेवर दोनच गोष्टी, पण तिथे मागे हटायचं नाही. पहिला चीक पिळून टाकणं आणि बाळाला मध चाटवणं. चिकात बाळाला लागणारी रोगप्रतिकारक द्रव्यं असतात. मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला जिवावरचा लकवा होऊ शकतो. हे नुसतं बाळंतिणीला सांगून उपयोग नाही. घरात निर्णय आजेसासू घेत असेल तर भेटीच्या वेळी तिलाच खाटेजवळ बसवून सांगावं लागतं. काळा दोरा आणि गालावरची तीट मात्र खुशाल राहू द्यावी.

रिवाज म्हणून खपवलं जाणारं बरंच काही मुळात गरिबीचा हिशेब असतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर पाडे सोडून वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती हजार विटांमागच्या मजुरीतून फेडायची असते. समजा अशी एक बाळंतीण दुसऱ्याच दिवशी ‘मला जाऊ द्या’ म्हणते. वॉर्डात त्याला डामा म्हणतात, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. कागदावर अंगठा घेतला जातो, शेरा पडतो: पेशंट ऐकत नाही. भट्टीवर काम जोडप्याने होतं. ती इथे आणि तो तिच्याजवळ म्हणजे दोघांचीही मजुरी बुडाली आणि उचल तशीच राहिली. मोठं मूल विटांच्या थप्पीशेजारी एकटं आहे. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड पाड्यावर राहिलंय, तिथल्या आशाताईंना ती कुठे गेली ते ठाऊक नाही, आणि भट्टीजवळच्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव नाही. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागातले ७०० रुपये खात्यावर येणार, आणि खात्याची कागदपत्रं पाड्यावरच.

इथे सिस्टरच्या हातात थोडंच आहे, पण ते थोडं ठरलेलं आहे. ‘का जायचंय’ हे विचारून उत्तर जसंच्या तसं लिहायचं. निघण्यापूर्वी बाळाला बीसीजी आणि पोलिओचा डोस द्यायचा. रक्तस्राव किती झाला तर परत यायचं हे कापडाच्या हिशेबात सांगायचं. मुकादमाचा का होईना, एक चालू नंबर घ्यायचा. आणि भट्टी ज्या उपकेंद्राच्या हद्दीत येते तिथल्या एएनएम सिस्टरला फोन करायचा. वर्षभरातल्या डामाच्या कागदांवरची कारणं कुणी एकत्र मांडली, तर त्या रुग्णालयाला आपल्या पेशंटबद्दल कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त कळेल.

हे सगळं वाचून एखादी सिस्टर म्हणेल, वेळ कुठे आहे? तिचं बरोबर आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. रात्रपाळीत अख्खा वॉर्ड एका-दोघींवर असतो तिथे हे निकष विनोद वाटतात. ऑगस्ट २०२३मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. ज्या रुग्णालयावर शेजारच्या शहरांचा आणि तालुक्यांचा भार येऊन पडतो तिथे अत्यवस्थ माणसं उशिरा पोचतात, आणि उशीर त्याआधीच्या प्रत्येक टप्प्यावर साचलेला असतो. मुरबाडच्या पाड्यावरून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उल्हासनगर, मग कळवा किंवा थेट मुंबईचं शीव रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि तेच प्रश्न पहिल्यापासून. कंत्राटी सिस्टरला पेशंटची भाषा उमगेपर्यंत तिचंच कंत्राट संपलेलं असतं. तिला सांस्कृतिक सक्षमतेच्या एक दिवसाच्या कार्यशाळेत बसवून प्रमाणपत्र देणं हे रिकाम्या जागा न भरण्याचं स्वस्त निमित्त होऊ शकतं.

तरीही माणसं कमी असताना काय करता येतं याचं एक उदाहरण कल्याणातच आहे. पत्रीपुलाजवळच्या हनुमाननगर कुष्ठवसाहतीत नौदलातून निवृत्त झालेले गजानन माने वर्षानुवर्षं काम करत आले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माने नर्स नाहीत, पण तिथली गरज शुश्रूषेचीच आहे. कुष्ठरोगात बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते, आणि माणूस जनरल ओपीडीच्या रांगेत जायला कचरतो कारण तिथे शेजारी सरकून बसतात. म्हणून मलमपट्टीच वसाहतीत न्यावी लागते. बहुऔषधोपचाराने रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो आणि औषध फुकट मिळतं. बधिरपणा आणि वाकडी बोटं मात्र मागे राहतात. तिथली शुश्रूषा रोज संध्याकाळी तळपाय पाहणं, पाय पाण्यात भिजवून तेल लावणं, मऊ रबराची एमसीआर चप्पल आणि गरम भांडं उचलायला फडकं, इतकी साधी आहे.

औषधाने रोग बरा होत असताना कायदा मात्र २०१९पर्यंत जुनाच होता. तोवर कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. त्यामुळे या रोगापायी नवऱ्याने सोडलेली असू शकते अशा वयस्कर बाईला दाखल करून घेताना ‘घरी कोण असतं’ हा फॉर्मवरचा साधा प्रश्न खिडकीवर, रांगेसमोर विचारू नये. तो दुसऱ्या-तिसऱ्या ड्रेसिंगच्या वेळी, पट्टी बांधता बांधता विचारावा. उत्तर आलं नाही तर फॉर्मवरची ती जागा कोरी ठेवावी, आणि डिस्चार्जच्या दिवशी न्यायला कोण येणार ते तिलाच ठरवू द्यावं.